गंज

आमच्याकडे गंज म्हणजे भांडंही
आणि लोखंडाला चढतो तोही.
दिघोरीच्या तिसऱ्या मजल्यावर
मी दोन्ही वर चढवले.

घरमालक नाकाडे. त्यांची एकच अट :
भिंतीला खिळा नाही.
म्हणून माझं सगळं टेकून उभं आहे,
आरसा, झाडू, कपड्यांची दांडी,
आणि पहिल्या महिन्यात थोडीशी मीही.

पगार धंतोलीतल्या लॅबमधला.
आठवडाभर दुसऱ्यांच्या रक्तावर चिठ्ठ्या चिकटवायच्या,
रविवारी दुसऱ्यांच्या घरातून निघालेलं हुडकायचं.
वहीत नोंद :
कूलरचं स्टँड, अँगलचं, एकशे ऐंशी.
त्यावर मोडक्या दाराची फळी, साठ.
फळीची कडी तशीच राहू दिली.
जेवताना कधी हात जातो,
वाजवून बघते.
टेबल उघडत नाही.

रंग मानेवाड्याच्या दुकानात कोपऱ्यात पडला होता,
कुणीतरी मिसळून घेतलेला, नापसंत म्हणून परत आलेला.
"पिस्ता मांगतला, अन् हे निंघालं," दुकानदार म्हणाला.
हे म्हणजे कच्च्या संत्र्याच्या सालीचं,
उन्हात एक, ट्यूबलाइटखाली दुसरंच.
दीड लिटर. भिंतीला पुरला नाही,
माझ्या खांद्यापर्यंत आला आणि संपला.
रेघ मी सरळ केली नाही.
येणारे विचारतात, डिझाइन आहे का?
मी हो म्हणते.

गंज मुनाफभाईंच्या गाड्यावर.
स्टीलचा, बूड चेपलेला,
काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं :
चि. सौ. कां. लीलावती हिस
झिंगरूजी पराते, तांडापेठ, यांजकडून
६-५-८४.
"नाव हाय म्हणून कोणी घेत नाही, ताई," भाई म्हणाले.
"अन् नावाचं वजन मी लावत नाही."

वेल्डिंगवाल्या ढोमण्यांच्या पोरानं भोकं पाडली.
भोकाला रुपया, पन्नास मोजून,
पुढची त्याला मजा आली म्हणून फुकट.
"आता वरण गळून जाईल नं याच्यातून,"
तो काळजीनं म्हणाला.
गंज उलटा. आत होल्डर.
वायरीला जुन्या साडीचा काठ गुंडाळला,
आणि छताच्या रिकाम्या हुकाला टांगला.
हुक म्हणजे खिळा नव्हे,
नाकाडेंना आधी विचारून घेतलं.

रात्री बटण दाबलं
आणि खोलीभर ठिपके,
खाली हिरव्यावर पिवळे,
वर पांढऱ्यावर शोधावे लागणारे.
लीलावती उलटी, पराते उलटे,
वाचायला मान वाकडी करावी लागते.
ती कुठे गेली,
की फक्त सुनेनं नॉनस्टिक आणलं,
मला माहीत नाही.
मी तिच्या आहेराखाली भात खाते.

दिवाळीनंतर उमरेडहून आई आली.
चष्मा लावून, मान वाकडी करून
तिनं दिवा वाचला.
"काहून वं, लोकायच्या आहेरात झोपतं?
जुनंच पाह्यजे होतं तं घरी का कमी होतं?"
मी म्हटलं, मागितलं असतं तर दिलं असतंस?
ती बराच वेळ
टेबलाच्या कडीशी चाळा करत राहिली.

संक्रांतीला पुन्हा आली.
पिशवीतून तीळ, तुरीच्या शेंगा,
मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गंज,
माळ्यावरचा,
ज्यात तिनं कधीच काही शिजवलं नव्हतं.
त्यावर तिच्या मामाचं नाव, गावाचं नाव,
आणि चि. सौ. कां. वेणू हिस.

वेणू.
लग्नात बदललेलं नाव. या नावानं
आमच्या घरात तिला कुणी हाक मारलेली
मी ऐकली नव्हती.

"पाड भोकं," आई म्हणाली,
"पण नाव सोडून.
अन् असा टांग, का सरळ वाचता आलं पाह्यजे."
मी म्हटलं, सरळ टांगला
तर उजेड सगळा वर जाईल, छताला.

"जाऊ दे," ती म्हणाली,
आणि शेंगा सोलायला बसली.